उणे पाऊस

राजमाचीच्या पायथ्याशी, कोंडाण्यात आमचं घर. अंगणात पर्जन्यमापक होता आणि रोजचा पाऊस वहीत लिहायचं काम माझं. डिप्लोमाला असताना त्या नोंदींची बेरीज करणारा प्रोग्रॅम मी सी भाषेत लिहिला. दशांश नकोत म्हणून ४२.५ मिमीला ४२५ धरले. कंपायलर लॅबमधलाच, निळ्या पडद्याचा, डॉसच्या काळातला. दुसरा असतो हेच ठाऊक नव्हतं.

जुलैभर आकडे चोख आले. ऑगस्टअखेर एका रात्री धो धो कोसळला आणि सकाळी पडद्यावर वर्षाचा एकूण पाऊस उमटला : उणे ३२५२.४ मिमी.

दोन दिवस वही तपासली. चूक वहीत नव्हती. त्या कंपायलरचा 'इंट', म्हणजे पूर्णांक ठेवायचा प्रकार, १६ बिटांचा. त्यात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. माझी बेरीज ३३,०१२ वर गेली आणि त्यातून ६५,५३६ वजा होऊन उलटली. कंपायलरने नियम मोडला नव्हता. सीचं प्रमाण 'इंट'ला तेवढीच हमी देतं. बेरीज 'लाँग' या मोठ्या प्रकारात ठेवायला हवी होती. सोलापूरच्या कुणी हाच प्रोग्रॅम वापरला असता तर चूक कधी दिसलीच नसती. आमच्या घाटपायथ्याच्या पावसाने ती दाखवली.

मग जीसीसी हा दुसरा कंपायलर घेतला. त्याने 'कोनिओ डॉट एच' आणि 'क्लिअरस्क्रीन' ओळखायलाच नकार दिला. वर्षभर सी म्हणून शिकलेलं बरंचसं त्या एका कंपायलरचं खासगी होतं.

म्हणून जुन्या भाषेचा कंपायलर निवडताना आधी बघा, तो भाषेचं प्रमाण पाळतो का आणि आजही कुणी त्याची देखभाल करतं का. ६४ बिटी विंडोजवर १६ बिटी प्रोग्रॅम थेट चालत नाहीत, डॉसबॉक्स लागतो. कंपायलरलाच तो लागत असेल तर तिथेच सावध व्हायला हवं. सीला जीसीसी, फोरट्रानला जीफोरट्रान, कोबोलला ग्नू कोबोल, पास्कलला फ्री पास्कल : सगळे मोफत. जीसीसीत '-वॉल' हा पर्याय लावून सूचना मागवा, आणि आलेली प्रत्येक सूचना वाचा.

परीक्षा जुन्या कंपायलरवर द्यावी लागत असेल तर द्या. पण प्रोग्रॅम जमा करण्याआधी घरी जीसीसीवर एकदा चालवाच. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले सीचे धडे त्यावरच शिकवतात, आणि ते मराठीतही आहेत.