पाण्याचा करार : मोजमाप, मुदत आणि हक्कदार



मुंबईत खारदांड्याच्या कोळीवाड्यात दिवा लागतो, त्या शहराच्या विजेचा काही भाग आपल्या भीमा खोऱ्यातल्या पाण्यावर तयार होतो. इंद्रायणी, आंध्रा, मुळा या पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या. टाटांनी त्या अडवून पाणी घाटाखाली सोडले. खोपोली 1915, भिवपुरी 1922, भिरा 1927 ही वीजघरे उभी राहिली. मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 साली सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, तरी जमिनी गेल्याच.

कृष्णा लवादाच्या 1976 च्या निवाड्याने टाटांच्या या वळवण्यावर मर्यादा घातली : एका वर्षात 54.5 टीएमसी, सलग पाच वर्षांत 212 टीएमसी. एक टीएमसी म्हणजे किती? सुरू उसाला पाटाने 250 सेंटिमीटर पाणी धरले, तर वाटेतली गळती सोडून सुमारे 1,100 हेक्टर ऊस!

मग पाणी सरळ मागून घ्यावे का? तेवढे सोपे नाही. वीज काढून झालेल्या पाण्यावर पाताळगंगा, उल्हास, कुंडलिकेकाठची गावे व कारखाने जगतात. त्यांचाही हक्क तयार झाला आहे.

अमेरिकेत अशा धरणांना मुदतीचा परवाना असतो. सिएटल शहराच्या वीज खात्याची स्कॅजिट नदीवर तीन धरणे आहेत. जुना परवाना 1977 ला संपला. नव्यासाठी खात्याने मासेमारी करणाऱ्या आदिवासी जमाती, वन व मत्स्य खाती यांना चर्चेला बसवले. 1991 ला लेखी करार झाले, 1995 ला 30 वर्षांचा परवाना मिळाला. सॅमन माशांच्या विणीसाठी नदीत किती पाणी सोडायचे, तेही त्यात ठरले.

यातून आपण काय घ्यावे?

1. पाणी मोजलेले असावे. अंदाजावर भांडण होते, आकड्यावर बोलणी होतात.

2. कराराला मुदत असावी, म्हणजे पुढच्या पिढीला फेरविचार करता येतो.

3. शेपटाकडचा शेतकरीही बैठकीत हवा.

2005 च्या कायद्याने पाणीवापर संस्थेस पाणी मोजून घेण्याचा हक्क दिला आहे. तेव्हा पुढच्या आवर्तनाला चारीवरचे मोजमाप स्वतः उभे राहून बघा आणि वहीत लिहून ठेवा. ज्याच्याकडे वही, त्याचाच शब्द बैठकीत टिकतो.