पहिल्या क्रमांकावरच्या संघाचा कोच

एफसी गोवाने ३१ जानेवारी २०२० ला सर्जिओ लोबेरा यांना कोचपदावरून काढलं, तेव्हा संघ इंडियन सुपर लीगच्या गुणतक्त्यात पहिला होता. पंधरा सामन्यांत तीस गुण, आणि दोनच दिवसांपूर्वी ओडिशावर तीन गोलांनी विजय. बेळगावात बसवेश्वर सर्कलजवळ चहा पिताना ही बातमी कळली तेव्हा एका मागवाल्या मित्राने विचारलं होतं, "जिंकूलालेत की वो, मग काढले कशाला?" फुटबॉलवर मी कित्येक वर्षं वाचतो, ऐकतो, भांडतो; पण कोच बदलण्याविषयी याहून नेमका प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. खासबाग, शहापूर, वडगावात पोरांचे संघ चालवणाऱ्या, त्यासाठी दारोदार वर्गणी मागणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितोय. कारण हा प्रश्न न विचारता घेतलेला निर्णय आमच्याकडच्याच एका संघाला किती महाग पडला, ते मी जवळून पाहिलं आहे.

बेळगावच्या माणसाने गोव्याच्या संघासाठी जीव टाकावा याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही. कॅम्प, सेंट पॉल्सचं मैदान, टिळकवाडीतलं लेले मैदान यांनी इथे खेळ जगवला. पण वरच्या दर्जाचं फुटबॉल बघायचं तर चोर्ला घाट उतरायचा किंवा गोवा एक्स्प्रेसने मडगाव गाठायचं, ही जुनी वहिवाट. धेंपो, साळगावकर ही नावं आमच्या घरांत क्रिकेटपटूंच्या नावांइतक्याच सवयीने घेतली जात. २०१६ मध्ये हे दोन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले आणि आमच्यातल्या बहुतेकांचं प्रेम एफसी गोवाकडे वळलं.

लोबेरा २०१७ मध्ये आले. पहिल्या मोसमात उपांत्य फेरी, दुसऱ्यात अंतिम फेरी. त्या अंतिम सामन्यात जादा वेळेत राहुल भेकेने बेंगळुरूसाठी गोल केला आणि आम्ही एका गोलाने हरलो. पण पुढच्याच महिन्यात, एप्रिल २०१९ मध्ये, चेन्नईयनला हरवून गोव्याने सुपर कप घेतला. चेंडू जमिनीवर ठेवून, पासामागून पास देत पुढे जायचं, दोन गोल खाल्ले तर चार करायचे, ही त्यांची रीत. त्यांना काढल्यावर गोव्याचेच क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे संघ सोपवला गेला. साखळीतले तीन सामने उरले होते. हैदराबादविरुद्ध ४-१, मुंबईविरुद्ध ५-२, जमशेदपूरविरुद्ध ५-०. तीन सामन्यांत चौदा गोल! गोव्याने लीग शील्ड जिंकली आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत थेट प्रवेश मिळवणारा पहिला भारतीय क्लब ठरला. ज्यांनी लोबेरांना काढलं त्यांची बाजू खरी ठरली, असं मग सगळीकडे ऐकू येऊ लागलं.

मला ते तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. माझी तक्रार मिरांडा यांच्याबद्दल नाही. आयत्या वेळी अंगावर आलेलं काम त्यांनी चोख केलं. पण ते चौदा गोल ज्या पायांनी केले ते पाय अडीच वर्षं कुणाच्या हाताखाली तयार झाले होते? आमच्या विणकरांच्या खासबागेत हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ताणा एकाने भरला, नक्षी त्यानेच बसवली आणि शेवटचा हातभर दुसऱ्याने विणला, तर लुगडं दुसऱ्याचं होत नाही.

पुढचा हिशेब तर साऱ्यांच्या डोळ्यांसमोर झाला. दहाच दिवसांत उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात चेन्नईत गोवा ४-१ ने हरला. घरच्या मैदानावर, फातोर्ड्यात, परतफेड ४-२ ची झाली, पण एकूण गोलांत एक कमी पडला. मग लोबेरा मुंबई सिटीकडे गेले. मंदार राव देसाई, अहमद जाहू, मुर्तदा फॉल, ह्युगो बुमू हे गोव्याचे चार खांबही त्यांच्या पाठोपाठ मुंबईत. कोरोनामुळे २०२०-२१ चा मोसम सगळा गोव्यातच, रिकाम्या मैदानांवर झाला. उपांत्य फेरीत समोरासमोर आले ते गोवा आणि मुंबईच. दोन सामन्यांनंतरही बरोबरी सुटेना, आणि पेनल्टींवर गोवा ६-५ ने बाहेर. १३ मार्च २०२१ ला मुंबईने करंडक उचलला तो फातोर्ड्याच्याच मैदानावर. पुढचे कोच हुआन फेरांदो यांनी गोव्याला २०२१ चा ड्युरँड कप जिंकून दिला आणि त्याच डिसेंबरात, ऐन मोसमात, ते कोलकात्याच्या एटीके मोहन बागानकडे गेले. इथे क्लबने त्यांना काढलं नव्हतं. करारातच ठरावीक रक्कम भरून सुटायची वाट होती, समोरच्याने रक्कम भरली. गोवा त्या मोसमात नववा आला. आणि मार्च २०२३ मध्ये फेरांदोंच्या संघाने आयएसएलचा करंडक जिंकला, तोही फातोर्ड्यातच. आमच्याकडून गेलेल्या दोन कोचांनी आमच्याच मैदानावर दुसऱ्यांसाठी करंडक उचलला. गोव्याकडे तो आजवर आलेला नाही.

आता आमच्याकडची गोष्ट. संघाचं नाव सांगत नाही, कमिटीतल्या कुणाचंही नाही. तिथला कोच दुपारपाळीला पॉवरलूमवर आणि पहाटे मैदानात. त्याच्याजवळ शाळकरी मुलांची असते तसली दोनशे पानी वही असायची. मी ती हातात घेऊन पाहिली आहे. प्रत्येक पोराचं एक पान. कुणाचा घोटा कधी मुरगळला, कोण डाव्या पायाने चेंडू अडवायला कचरतो, कुणाची या आठवड्यात रातपाळी आहे. मधल्या फळीतला एक मुलगा रात्रभर मागावर उभा राहून सकाळी सामन्याला यायचा. कोच त्याला मध्यंतराला हमखास बाहेर काढायचा. प्रेक्षकांतून ओरडा व्हायचा, कारण पोरगं झकास खेळत असायचं. कोच कुणाला उत्तर देत नसे. पोराची रातपाळी चारचौघांत सांगायची नाही, हा त्याचा शब्द होता.

स्पर्धा ऐन रंगात आली असताना एक सामना हरला आणि कमिटीची बैठक बसली. "चांगल्या खेळाडूला मध्येच काढतो" हा मुख्य आरोप. एका सभासदाने गोव्याचा दाखला दिला: त्यांनी काढला, शील्ड जिंकली. कोच गेला, वहीही त्याच्याबरोबर गेली. नव्या माणसाने पुढच्या सामन्यात त्या पोराला शेवटपर्यंत ठेवलं. सामना जिंकला, टाळ्या पडल्या, निर्णय बरोबर ठरल्याचा आनंद झाला. त्याच्या पुढच्या सामन्यात दुसऱ्या अर्ध्यात पोराच्या पोटरीत असा गोळा आला की त्याला दोघांनी उचलून बाहेर आणलं, आणि तो मोसमभर परत मैदानात दिसला नाही. वर्ष संपायच्या आत बरीच पोरं जुन्या कोचाकडे, दुसऱ्या संघात निघून गेली. पुढल्या स्पर्धेत नाव नोंदवायला कमिटीजवळ अकरा खेळाडू उरले नाहीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की, निर्णय झाल्यानंतरच्या दोन-तीन सामन्यांच्या निकालावर त्या निर्णयाचं मोल ठरवू नका. जुन्याने घडवलेला संघ काही दिवस त्याच वेगात पळतो. निर्णय ज्या दिवशी घेतला त्या दिवशी हाताशी काय माहिती होती, कोचाला विचारलं होतं का, पोरांना विचारलं होतं का, हे पाहा. आमच्या त्या बैठकीत "तू त्याला मध्येच का काढतोस?" एवढं शांतपणे, एकट्याला बाजूला घेऊन विचारलं असतं तरी पुढचं सगळं टळलं असतं. हे मी तिथे बोललो होतो. पण हरलेल्या सामन्याच्या रात्री असलं कुणी ऐकून घेत नाही.

दुसरं, धीर. २४ एप्रिल २०२४ च्या फातोर्ड्यातल्या उपांत्य सामन्याला मी होतो. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांवर मुंबईविरुद्ध २-० अशी आघाडी, घड्याळात नव्वद मिनिटं. माझ्या पुढच्या रांगेतले एक काका गाडीची चावी हातात घेऊन उभे राहिले होते, गर्दी व्हायच्या आत निघायचं म्हणून. त्यांना पायऱ्या चढून वर पोचता आलं नाही तोवर मुंबईच्या छांगटेने एक गोल फेडला, विक्रम प्रतापने दुसरा, आणि इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे. २-३. काका जिन्यातच खाली बसले. परतीच्या वाटेवर घाटात धुकं होतं आणि गाडीत एकच विषय: कोच मानोलो मार्केझला हाकला. बचावफळी शेवटी आपल्या गोलपाशी चिकटून उभी राहिली, मधल्या फळीत चेंडू धरून ठेवणारं कुणी उरलं नाही, ही टीका रास्तच होती. मीही ती करत होतो. पण चूक दाखवणं वेगळं आणि माणूस हाकलणं वेगळं. मुंबईतल्या दुसऱ्या सामन्यातही गोवा दोन गोलांनी हरला. तरीही क्लबने मार्केझना ठेवलं. पुढच्या मोसमात गोवा साखळीत दुसरा आला. उपांत्य फेरीत पुन्हा इंज्युरी टाइममध्येच घात झाला, बेंगळुरूच्या सुनील छेत्रीच्या हेडरने. त्याही वेळी ते राहिले, आणि ३ मे २०२५ ला जमशेदपूरला ३-० हरवून सुपर कप आला. त्या कपाच्या जोरावर संघ आशियाई स्पर्धेत गेला आणि ऑक्टोबरात अल नासरसारखा संघ फातोर्ड्यात खेळायला आला. त्यांचा रोनाल्डो आला नाही, गोवा १-२ हरला, पण ब्रायसन फर्नांडिसचा तो गोल बघायला आमच्याकडून पोरं गेली होती ती अजून त्याच्याबद्दल बोलतात.

तिसरी गोष्ट कोचाच्याही वरची आहे. संघ कुणाच्या खिशातून चालतो ते चाहत्याने पाहिलंच पाहिजे. आमच्या शहराचं नाव लावणारा क्रिकेट संघ, बेळगावी पँथर्स, २०१७ मध्ये कर्नाटक प्रीमियर लीग जिंकला. दोनच वर्षांनी सट्टेबाजीच्या प्रकरणात संघाच्या मालकाला अटक झाली, पाठोपाठ ती लीगही थांबली. २०२२ मध्ये तिच्या जागी महाराजा ट्रॉफी सुरू झाली तेव्हा सहा संघांत बेळगाव नव्हतं. ऑटोनगरला एवढं चांगलं स्टेडियम असताना! आमचे लोक कर्णधाराने कुणाला कितवं षटक दिलं यावर वाद घालत बसले होते. संघाचे व्यवहार कोण बघतो, हे कुणीच विचारत नव्हतं. गल्लीतल्या संघालाही हे लागू आहे. जर्सीवर ज्याचं नाव छापता, तो माणूस बैठकीत कुणाला खेळवायचं हे ठरवू लागला, की कोच नावापुरता उरतो.

ज्यांच्या हातात खरोखर निर्णय आहे त्यांनी आता एवढं करावं. मोसम सुरू होताना कोचाबरोबर साध्या कागदावर का होईना, लेखी ठरवून घ्या: मुदत किती, मानधन किती, संघ निवडायचा शेवटचा शब्द कुणाचा. सामना हरल्यापासून आठ दिवस कोचाच्या विषयावर बैठक बोलवू नका. खेळाडूंची दुखणी, पाळ्या, सवयी यांची नोंद संघाच्या वहीत ठेवा, आणि ती वही कोच व आणखी एक विश्वासू माणूस यांच्यापलीकडे जाऊ देऊ नका. सहायक म्हणून एखादा जुना खेळाडू पहिल्या दिवसापासून सोबत द्या, म्हणजे वेळ आलीच तर मिरांडांसारखा आतला माणूस उभा राहू शकेल. पोरांशी वाईट वागणं, पैशाची अफरातफर, असलं काही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. तिथे गुणतक्ता बघायचा नसतो. बाकी कुठल्याही कारणासाठी कोच बदलायचाच असेल तर मोसम संपल्यावर बदला, कारण पोरांच्या समोर सांगा, आणि त्याचं राहिलेलं मानधन त्याच बैठकीत त्याच्या हातावर ठेवा.