इंदूरचे पोहे

नाताळच्या सुटीत धुळ्याचे एक कुटुंब इंदूरला निघाले. बाबा, आई, आजी, ताई आणि सातवीत शिकणारा बाळू अशी ती पाच माणसे. इंदूरला त्यांचे नातलग नव्हते की कामही काही नव्हते. एक नवे शहर पाहावे, तेथील अन्नाची चव घ्यावी आणि तिसऱ्या दिवशी परत फिरावे, एवढाच बेत होता. आजीने मात्र दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर घेतली होती. “परक्या गावात पोटाची काळजी आपणच घ्यावी,” असे तिचे म्हणणे.

पहाटेची बस मुंबई-आग्रा महामार्गाने धावू लागली. शिरपूरच्या अलीकडे तापी मागे पडली. सातपुड्याचा घाट चढून सेंधवा आले आणि तेथेच आजीची शिदोरी संपली. खलघाटला नर्मदेचे विशाल पात्र दिसताच आजीने खिडकीतूनच हात जोडले. पुढे विंध्याची चढण संपली आणि माळव्याचे पठार लागले. काळ्याभोर जमिनीत गहू-हरभऱ्याची हिरवी शेते डोलत होती. महूचे नाव लिहिलेली पाटी दिसली तेव्हा बाबा म्हणाले, “डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ साली या महूला झाला.” मुलांनी वळून वळून त्या बाजूला पाहिले. दुपार कलल्यावर बस इंदूरला पोहोचली.

रात्री सर्वजण सराफा बाजारात गेले. हा बाजार दिवसा सोन्याचांदीचा असतो. संध्याकाळ उलटली, सराफांनी दुकानांना कुलपे लावली, की त्याच दुकानांच्या पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांच्या गाड्या उभ्या राहतात आणि मध्यरात्र टळून गेली तरी गर्दी हटत नाही. एके ठिकाणी मक्याची कोवळी कणसे किसून तो कीस दूध आणि मसाले घालून शिजवला जात होता. दुसरीकडे गराडू नावाच्या कंदाचे तुकडे खरपूस तळून त्यांवर मसाला आणि लिंबू टाकीत होते. हा कंद थंडीच्या दिवसांत मिळतो. त्यामुळे त्या कढईभोवती शेकोटीभोवती बसावीत तशी माणसे जमली होती. इतकी माणसे खात होती, पण पत्रावळी आणि द्रोण रस्त्यावर दिसत नव्हते. जो तो आपला कचरा पेटीत टाकीत होता. देशातील सर्वांत स्वच्छ शहर असा मान इंदूरने २०१७ पासून ओळीने अनेक वर्षे मिळविला. त्याचे कारण सांगण्यासाठी बाबांना वेगळे बोलावे लागले नाही.

शिकंजी म्हणजे लिंबाचे सरबत, असे बाळूने ऐकले होते. म्हणून त्याने ती मागितली. पेल्यात आले ते सुक्या मेव्याचे, दाट, गोड दूध!

“ही शिकंजी नव्हेच!” बाळू उद्गारला.

“तुझ्या ऐकिवातली नव्हे,” बाबा हसून म्हणाले, “पण इंदूरची हीच.”

बाळूने पेला रिकामा केला. परंतु बाबांचे बोलणे त्याच्या मनात फारसे शिरले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्याजवळच्या एका गल्लीत ते न्याहारीसाठी थांबले. एक वृद्ध गृहस्थ पोहे विकीत होते. मोठ्या पातेल्यात पाणी उकळत होते आणि त्याच्या वाफेवर पोह्यांची परात ठेवलेली होती. त्यांनी बशीत पोहे घातले, वर शेव पसरली, कांदा आणि डाळिंबाचे दाणे टाकले, जिरावन नावाचा मसाला भुरभुरला आणि शेजारी गरम जिलबी ठेवली.

बाळूने एक घास घेतला. दाताखाली बडीशेप आली. पोहेही किंचित गोड होते. तो तोंड वाकडे करून मोठ्याने म्हणाला, “शी! हे कसले पोहे! यांना पोहे करताच येत नाहीत. पोहे खावेत तर आपल्या आईच्या हातचे!”

येथे आपले बोलणे कोणाला कळते, अशी त्याची समजूत होती. पण त्या वृद्धाचा हात जागीच थांबला. त्यांनी बाळूकडे पाहिले आणि शांतपणे म्हटले, “बाळ, आईच्या हातची सर कोणालाच येत नाही. ते तू खरेच बोललास.”

शब्द मराठी होते! बाळूच्या कानशिलांवर ऊन झळ आल्यासारखे झाले. ताईने मान खाली घातली. बाबा क्षमा मागू लागले. पण वृद्धाने त्यांना थांबविले.

“राग कसला? चाळीस वर्षे मी हे पोहे विकतो. पुष्कळांनी नावाजले, काहींनी नावेही ठेवली. पण ते सारे हिंदीतून. पोह्यांची निंदा का होईना, आज ती मराठीत ऐकली!”

आजी पुढे झाली. “दादा, तुम्ही मूळचे कोठले?”

“मी इंदूरचाच, आई. पूर्वज होळकरांच्या काळात दक्षिणेतून इकडे आले. कोणते गाव, ते आता घरात कोणाला ठाऊक नाही. गाव विसरले, बोली तेवढी राहिली. तीही आता माझ्यापर्यंतच. नातू तुझ्याएवढाच आहे, बाळ. मी मराठीत बोलतो, त्याला सारे समजते, पण उत्तर देतो हिंदीत.”

कोणी काही बोलले नाही. बाळूने बशी पुन्हा हाती घेतली. आता त्याला दिसले की वाफेवर राहिल्यामुळे पोहे मऊ, मोकळे आणि ऊन होते. मऊ पोह्यांत कुरकुरीत शेव होती आणि गोड चवीला कांद्याची तिखट साथ होती. त्याने बशीत एक कणही ठेवला नाही.

तेथून ते राजवाडा पाहावयास गेले. सात मजल्यांचे ते प्रवेशद्वार आकाशात चढत गेले आहे. खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी आहेत. १९८४ साली लागलेल्या आगीत वाड्याचा मोठा भाग जळाला होता. तो पुढे पुन्हा उभा करण्यात आला. बाबांनी होळकरांची हकिकत सांगितली. मल्हाररावांनी माळव्यात घराण्याचा पाया घातला. त्यांची सून अहिल्याबाई १७२५ साली चौंडी या गावी जन्मली. १७६७ ते १७९५ या काळात तिने नर्मदाकाठच्या महेश्वरहून राज्यकारभार पाहिला. १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली.

“म्हणजे आपल्याकडची किती माणसे इकडे आली असतील!” ताई म्हणाली.

“सैनिक आले, कारकून आले, पुरोहित आले, कारागीर आले,” बाबा म्हणाले. “त्यांच्याबरोबर त्यांच्या चुलीही आल्याच.”

दुपारी जेवणात बाफले होते. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकळून मग निखाऱ्यावर भाजलेले, तुपात बुडविलेले आणि वरणाबरोबर कुस्करून खावयाचे. खानदेशात वरण-बट्टी करतात. आजीने पहिला घास घेतला आणि म्हणाली, “ही तर आपल्या बट्टीची बहीण! सासर वेगळे, म्हणून रीत वेगळी.”

बाळू त्या वाक्याचा विचार करीत राहिला. बट्टीची बहीण ओळखता आली. मग पोह्यांचीच बहीण परकी का वाटावी?

तिसऱ्या दिवशी बस सकाळी नऊची होती. “आधी पोहे खाऊ,” असे बाळूनेच सुचविले. गाडीपाशी वृद्धाच्या शेजारी एक मुलगा उभा होता. तोच नातू. बाळूने सरळ वृद्धापुढे जाऊन म्हटले, “आजोबा, परवानगी असेल तर एक सांगू? काल मी चव घेण्याआधीच बोललो. माझे चुकले.”

वृद्धाने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मग दोघे मुलगे एका बाकावर बसले. बाळू मराठीत विचारी आणि नातू हिंदीत सांगे. जिलबी पोह्यांबरोबर कशी खावी, गराडू कोठला चांगला, पतंग कोठे उडवितात, असे कितीतरी बोलणे झाले. बडीशेपेचा हिंदी शब्द बाळूने विचारून घेतला. शेवेला हिंदीतही शेवेसारखेच नाव आहे हे ऐकून दोघेही हसले. बाबांनी घड्याळ पाहिले. सर्वजण उठले.

नातू चार पावले पुढे आला. त्याचे ओठ क्षणभर नुसतेच हलले. मग एकेक शब्द जुळवीत तो म्हणाला, “पुन्हा... या. आम्ही... वाट पाहू.”

आजोबा तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या बशीत शेव घालीत होते. त्या बशीत शेव जरा जास्तच पडली. गिऱ्हाइकाने आश्चर्याने वर पाहिले. पण आजोबांचे लक्ष तिकडे नव्हते.

बस नर्मदेच्या पुलावर आली तेव्हा आजीने पुन्हा हात जोडले. तिच्या मांडीवर या खेपेस दशम्यांचे गाठोडे नव्हते. पोह्यांच्या गाडीवरून मिळालेली जिरावनाची पुडी होती. बाळू खिडकीतून पाणी पाहत होता. तो वळून म्हणाला, “आई, रविवारी पोहे करशील ना? थोडी बडीशेप घालून पाहू या.”