सडपातळ माणसाची साखर

चि. नितीन,

तुझा रिपोर्ट पाहिला. उपाशीपोटी साखर ११८ आणि एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.२, म्हणजे मधुमेह अजून उंबऱ्याबाहेर आहे, पण दारात आला आहे. त्यावर तू म्हणतोस, ‘आत्या, मी असा वाळका, अंगावर मांस नाही, दिवसभर कामात असतो, मला कुठली साखर?’ या समजुतीपायी आपल्याकडे कितीतरी जणांचा आजार उशिरा कळतो, म्हणून आधी तिच्याबद्दलच लिहिते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. वजनकाट्याला हा फरक कळत नाही. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली, तेव्हा आपली सरासरी २.७ किलोची होती आणि तिकडची ३.५ किलोची. आपली बाळं एवढी लहान असूनही त्यांच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती, कमी पडले होते ते स्नायू. आईच्या पोटात असताना झालेल्या आबाळीशी याचा संबंध लावतात. १९७२ चा दुष्काळ सोसलेल्या आपल्या भागाने तर हे जास्तच मनावर घ्यायला हवं. ‘अंगावर मांस नाही’ हे तू जामिनासारखं पुढे करतोस, पण नितीन, धोका तिथेच आहे. जेवणातली साखर शोषून घेणारं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि तेच अपुरं असेल तर साखर रक्तात फिरत राहते. म्हणून वजनाचं समाधान मानू नकोस, बेंबीच्या रेषेत टेप लावून बघ. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हायचं.

राहिलं दिवसभराचं काम. तेरखेड्यात तुझं शोभेच्या दारूचं काम बसून चालतं. दिवाळीच्या आधी तर तासन्‌तास मांडी मोडत नाही. बोटं आणि डोळे थकतात, पण मांड्या-पोटऱ्या जागच्या जागी असतात. थकवा आला म्हणजे व्यायाम झाला असं होत नाही. स्नायू हलले की इन्सुलिनची फारशी वाट न बघता ते साखर ओढून घेतात, म्हणून दोन्ही वेळच्या जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं एखाद्या दिवशी पहाटे काढलेल्या जोरांपेक्षा कामाला येतं. मात्र हायवेच्या कडेने नको, गावात नाहीतर शेताच्या वाटेने जा. एवढ्याने काय होणार, असं तुला वाटेल. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी तुझ्याच पायरीवरच्या ५३१ जणांचा अभ्यास करून २००६ साली निष्कर्ष मांडले. नुसत्या जुजबी सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. चालणं आणि जेवण सांभाळणाऱ्यांत हेच प्रमाण ३९ टक्के होतं आणि मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांत ४० च्या आसपास. चालणाऱ्यांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. सगळेच वाचले नाहीत, हेही खरं. पण सवयीने गोळीइतकं काम केलं, ही लहान गोष्ट नाही.

जेवणाबद्दल आपल्याकडे दोन भ्रम आहेत. एक म्हणजे ‘भाकरी कितीही खा, बाधत नाही’. शाळूची भाकरी भातापेक्षा बरी खरी, पण ज्वारीतही मुख्यतः पिष्टच. चार भाकऱ्या आणि वाटीभर पातळ कालवण या ताटात भाकऱ्या दोनवर आण आणि मटकी, हुलगा, हरभऱ्याचं कोरड्यास दुप्पट वाढून घे. आधी कोरड्यास आणि काकडी-मुळा खायचा, मग भाकरी, म्हणजे साखर सावकाश चढते. दुसरा भ्रम गुळाचा. गुळाचा चहा हाही साखरेचाच चहा. दिवसाकाठी सहा कप आणि कपाला दोन चमचे धरले तर बारा चमचे नुसते चहातून जातात. एकादशीची साबुदाणा खिचडीही त्यातलीच. कुंथलगिरीचा पेढा सणाला एखादा खाल्लास तर मी काही म्हणणार नाही, घात रोजच्या कपाचा असतो.

‘गोळी एकदा लागली की सुटत नाही, म्हणून ती नकोच’ असंही तू म्हणालास. उद्या डॉक्टरांनी दिली तर मुकाट्याने घे आणि मनाने बंद करू नकोस. गोळी सुटत नाही ती आजार टिकतो म्हणून, गोळीची चटक लागते म्हणून नाही. आणि कामाच्या जागी अनवाणी बसतोस, तेव्हा रात्री झोपण्याआधी तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायची सवय आत्तापासूनच लाव. वाकता आलं नाही तर आरसा खाली धर. साखर बरीच वर्षं वाढलेली राहिली तर पाय बधिर होतात आणि चटका बसलेला कळतही नाही.

वहिनींना सांग की तुझं ताट वेगळं मांडायचं नाही, घरात सगळ्यांचं एकच जेवण. तीन महिन्यांनी पुन्हा एचबीए१सी कर. त्या दिवशी दादालाही उपाशीपोटी सोबत ने. तिशीपुढच्यांची साखर आणि रक्तदाब सरकारी दवाखान्यात मोफत तपासतात, आणि त्याने आजवर एकदाही तपासलेलं नाही.

तुझी,
आत्या