समाज जाणण्याची विद्या

“शेतकरी आळसामुळें कर्जबाजारी होतो,” अशीं वाक्यें आपण नेहमीं ऐकतों व बोलतोंहि. परंतु हें खरें कशावरून, असें आपणांपैकीं किती जण विचारतात? हा प्रश्न विचारून त्याचें उत्तर धीरानें शोधण्याची संवय म्हणजेच सामाजिक संशोधनाची विद्या होय.

तिचा उत्तम दाखला पुण्याजवळचाच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजांतील डॉ. हॅरोल्ड मान यांनीं सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी केली. ती १९१७ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. आज हें गांव पिंपरी-चिंचवड शहरांत सामावलें आहे. तेव्हां तें शेतीचें खेडें होतें. जुन्या व चालू नोंदी ताडून पाहतां असें दिसलें कीं, १७७१ सालीं एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. पुढें घरोघरचा जमाखर्च मांडला, तेव्हां १०३ कुटुंबांपैकीं केवळ ८ कुटुंबें स्वतःच्या जमिनीवर सुस्थितींत होतीं. २८ कुटुंबें बाहेरच्या मिळकतीमुळें तगलीं होतीं. आणि ६७ कुटुंबांना दोन्ही मिळूनहि पुरत नव्हतें.

आतां आळसाचा तो आरोप कितपत टिकतो? वाट्यास आलेला तुकडाच अपुरा असेल, तर राबणाऱ्याचेंहि पोट भरत नाहीं. आंकड्यांनीं येथें गरिबाची बाजू मांडली.

तरीहि एका गांवावरून साऱ्या दख्खनचा निकाल देणें योग्य नव्हे. म्हणून डॉ. मान यांनीं एन्. व्ही. कानिटकर यांजबरोबर जातेगांव बुद्रुक हें दुसरें गांव अभ्यासिलें. तो ग्रंथ १९२१ सालीं निघाला.

विद्यार्थी मित्रहो, ही विद्या आपणांसहि साध्य आहे. आपल्या गल्लींत पाणी कोण भरतें व त्यांत दररोज किती वेळ जातो, एवढेंच प्रथम विचारून पाहूं. प्रश्न सर्वांना सारखाच विचारावा. उत्तर लगेच टिपून घ्यावें. ऐकलेलें व पाहिलेलें वेगळें लिहावें. आपल्या मताविरुद्ध जाणारा आंकडा लपवूं नये. कोणी सांगण्यास नाखूष असल्यास आग्रह धरूं नये, आणि एका घरची गोष्ट दुसऱ्या घरीं नेऊं नये.

पालकांसहि आमची विनंति आहे कीं, मुलानें “हें कशावरून?” असें विचारल्यास त्यास उद्धट समजूं नये. शेजाऱ्यास दोष देण्यापूर्वीं त्याची स्थिति जाणून घेण्याची बुद्धि याच प्रश्नांतून उपजते.