आफ्रिकी वंशीयांच्या घट्ट कुरळ्या केसांची अल्पव्ययी निगा : चिकित्सक व औषधी विक्रेत्यांसाठी काही विचार

प्रस्तावना

शिक्षणासाठी पुण्यात येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये आफ्रिकी देशांतील मुलेमुली अनेक वर्षांपासून आहेत. त्यांपैकी पूर्व आफ्रिकेतील एक विद्यार्थिनी काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाकडे आली. कपाळालगतचे केस विरळ झालेले, डोक्यात कोंडा व खाज, आणि केस विंचरताना तुटतात ही मुख्य तक्रार. मायदेशी वापरत असलेली प्रसाधने येथे आयात करून घ्यावी लागत आणि ती तिच्या मासिक खर्चात बसत नव्हती. लेखकाने रूक्षता पाहून वाताधिक्य गृहीत धरले. रोज रात्री माक्याच्या तेलाने शिरोभ्यंग आणि आठवड्यातून दोनदा शिकेकाई-रिठा-आवळकाठीच्या चूर्णाने केस धुणे, असा आपला नेहमीचा क्रम सांगितला. तीन आठवड्यांनी ती परत आली तेव्हा कोंडा वाढलेला होता, चूर्णाचे कण केसांच्या वेटोळ्यांत अडकून बसले होते आणि ते काढताना आणखी केस तुटले होते. औषधे वाईट नव्हती. ज्या केसांवर ती वापरली त्या केसांची ओळख लेखकाला नव्हती. या चुकीतून जे शिकता आले ते वैद्यबंधुभगिनींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

विषयाचे महत्त्व केवळ पुण्यामुंबईपुरते नाही. केसांवर रसायने न वापरता ते नैसर्गिक स्वरूपातच राखावेत, अशी चळवळ २००० नंतरच्या काळात अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये पुन्हा जोमाने पसरली. तेथील व ब्रिटनमधील अनेक घरांत आवळा, माका, शिकेकाई, मेथी ही आपली द्रव्ये आज वापरली जातात. आपण बांधलेल्या पुड्या कोणत्या केसांवर पडतात, हे औषधी विक्रेत्यांनीही जाणून घेणे आवश्यक आहे.

या केसांची रचना

आफ्रिकी वंशाच्या व्यक्तींचा केस आडव्या छेदात चपट्या लंबगोलासारखा असतो आणि त्याचे मूळ त्वचेखालीच वळलेले असते. त्यामुळे केस बाहेर पडतानाच वेटोळे घेतो. टाळूच्या ग्रंथींतून स्रवणारा स्नेह सरळ केसांवरून टोकापर्यंत सहज उतरतो. वेटोळ्यांवरून मात्र तो उतरत नाही. परिणामी टाळू स्निग्ध असतानाही केसांची टोके कोरडी राहतात. प्रत्येक वळण हा केसाचा दुबळा बिंदू असतो, तेथे तो तुटतो. शेजारचे केस एकमेकांत अडकून गाठी होतात. हे केस वाढतातही काहीशा कमी वेगाने. म्हणून ‘माझे केस वाढतच नाहीत’ या तक्रारीचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की, मुळाशी वाढ होत आहे, परंतु टोकाशी तितकीच तूटही होत आहे.

आयुर्वेदीय दृष्टिकोन

केश हे अस्थिधातूचे मल होत आणि गर्भाच्या पितृज भावांत त्यांची गणना आहे, हे वाचकांस ज्ञात आहेच. केसांचा आकार जन्मजात, वंशपरंपरेने आलेला असतो हे त्यातूनच स्पष्ट होते. तेव्हा घट्ट कुरळे केस पाहताक्षणी ‘वातविकृती’ असे निदान करणे शास्त्रालाही धरून नाही. रूक्षता हा येथे केसांचा स्वभाव आहे. रुग्णाची प्रकृती नाडी, अग्नी, कोष्ठ व निद्रा पाहून स्वतंत्रपणेच ठरवावी. स्वभावाची चिकित्सा करावयाची नसते, त्याला अनुकूल उपचार करावयाचा असतो.

दुसरा मुद्दा दारुणकाचा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दिनचर्येमध्ये मूर्ध्नि तैलाचे महत्त्व सांगितले आहे आणि आपण ते सर्वांनाच सांगतो. परंतु टाळूवर जेथे खाज व खवले आहेत तेथे रोज तेल मुरवल्यास कोंडा वाढू शकतो. या विकाराशी संबंधित यीस्ट टाळूवरील स्नेहावरच पोसते, असे आधुनिक त्वचाशास्त्र सांगते. वरील रुग्णेत हेच घडले. म्हणून सूत्र असे ठेवावे : कोंडा असताना तेल केसांना लावावे, टाळूला नव्हे.

या केसांशी जोडलेला सन्मान

चिकित्सकाच्या तोंडून सहज निघालेला ‘हे केस आधी सरळ करून घ्या’ हा शब्द या रुग्णांच्या मनाला किती लागतो, हे समजण्यासाठी थोडा इतिहास ठाऊक हवा. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत व्यक्तीचा वंश ठरवताना केसांत पेन्सिल खोचून ती पडते की अडकते, हे पाहण्याची पद्धत होती. २०१६ मध्ये प्रिटोरियातील एका शाळेच्या मुलींना आपल्या नैसर्गिक केसांवरील निर्बंधांविरुद्ध निदर्शने करावी लागली. अशा केशरचनेमुळे शाळेत वा नोकरीत भेदभाव होऊ नये म्हणून अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ मध्ये स्वतंत्र कायदा केला.

केस सरळ करण्याची किंमत शरीरालाही मोजावी लागते. रिलॅक्सर नावाने मिळणाऱ्या मलमांत सोडियम हायड्रॉक्साइडसारखे तीव्र क्षार असतात. ते केसांतील बंध तोडतात आणि टाळू भाजू शकतात. अमेरिकेत ३३ हजारांहून अधिक स्त्रियांच्या दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा केस सरळ करणारी रसायने वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण, ती न वापरणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येत नाही. तथापि हा सल्ला देण्यापूर्वी दहादा विचार करावा इतके ते निश्चित पुरेसे आहे.

अल्पव्ययी क्रम

या निगेसाठी बाजारात डझनावारी बाटल्या असल्या तरी प्रत्यक्षात लागणाऱ्या वस्तू पाच-सहाच आहेत : खोबरेल, जवस, शिकेकाई, एक साधे कंडिशनर, रुंद दात्यांचा कंगवा आणि सॅटिनच्या कापडाचा तुकडा.

१. पूर्वकर्म. धुण्यापूर्वी अर्धा ते एक तास केसांचे सहा-आठ भाग करून प्रत्येक भागास थोडे खोबरेल लावावे, टोकांना अधिक. २००३ मध्ये मुंबईतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना केली होती. धुण्याने होणारा केसांतील प्रथिनांचा ऱ्हास तिन्हींपैकी केवळ खोबरेलाने लक्षणीय कमी झाला, कारण ते केसाच्या आत शिरते. महाग तेलाची गरज नाही, हे सांगण्यास हा आधार पुरेसा आहे. एरंडेल या केसांत लोकप्रिय आहे, परंतु ते फार चिकट असल्याने नुसते वापरल्यास गुंता वाढतो. एक भाग एरंडेल व तीन भाग खोबरेल असे मिश्रण करावे.

२. प्रक्षालन. हे केस रोज किंवा एक दिवसाआड धुऊ नयेत. आठवड्यातून एकदा किंवा पंधरवड्यातून एकदा पुरे. शिकेकाई वापरावयाची तर चूर्ण लेप म्हणून न लावता तिचा क्वाथ करून, दुहेरी कापडातून गाळून, केवळ टाळूवर ओतावा व बोटांच्या पेरांनी चोळावे. रिठा या केसांना फार रूक्षता आणतो, तो टाळावा. खाण्याचा सोडा व लिंबाचा रस निक्षून वर्ज्य करावा. वसतिगृहात विंधनविहिरीचे जड पाणी असेल तर अंगाचा साबण केसांना मुळीच लावू नये. त्याचा पांढरट थर वेटोळ्यांत बसतो.

३. गुंता सोडवणे. बहुतांश केस येथेच तुटतात. केस ओले व कंडिशनर लावलेले असतानाच, आधी बोटांनी आणि नंतर रुंद दात्यांच्या कंगव्याने, टोकापासून मुळाकडे सरकत गुंता काढावा. कोरड्या केसांत बारीक फणी कधीही घालू नये.

४. जवसाचा गर. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात आठ-दहा मिनिटे ढवळत उकळावे. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली की उतरवून गरम असतानाच पातळ कापडातून गाळावे. थंड झाल्यावर ते गाळले जात नाही. हा गर ओल्या केसांना लावल्यास ओलावा टिकतो व वेटोळी सुटी, मऊ राहतात. दुकानातील महाग जेलचे काम तो काही रुपयांत करतो. मात्र त्यात परिरक्षक नसल्याने तो शीतकपाटात ठेवून आठवड्याच्या आत संपवावा. भिजवलेल्या मेथीचे गाळलेले बुळबुळीत पाणी किंवा जास्वंदीच्या पानांचा गाळलेला गरही याच कारणासाठी उपयुक्त आहे.

५. स्नेहावरण. गर लावल्यावर तळहातावर चार-पाच थेंब खोबरेल घेऊन केसांच्या टोकांवरून फिरवावे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी पाणी, मग गर, शेवटी तेल. कोरड्या केसांवर नुसते तेल चोळल्याने ओलावा येत नाही.

६. रक्षण. केसांच्या सैल वेण्या घालाव्यात. सुती उशी केसांतील ओलावा शोषते व घर्षणाने केस तोडते. म्हणून रात्री डोक्याला सॅटिन वा रेशमाचे कापड बांधावे. शिंप्याकडे मिळणारे अस्तराचे सॅटिन किंवा जुन्या रेशमी साडीचा तुकडा यासाठी उत्तम.

धोक्याची लक्षणे

घट्ट वेण्या आणि त्यांत गुंफलेली जड गंगावने यांच्या सततच्या ताणाने कपाळालगतचे व कानांवरचे केस जातात. वेणी घातल्यावर डोके दुखणे, केसरेषेवर बारीक पुटकुळ्या येणे ही पहिली लक्षणे होत. या अवस्थेत वेण्या सैल केल्यास केस परत येऊ शकतात. ताण वर्षानुवर्षे चालू राहिला तर रोमकूप नष्ट होऊन व्रणवस्तू तयार होते आणि मग कोणतेही तेल उपयोगी पडत नाही. ‘निदान परिवर्जन’ हीच येथे चिकित्सा आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

माथ्याच्या मध्यापासून बाहेर पसरत जाणारी, टाळू गुळगुळीत करणारी केसगळती आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये विशेष आढळते. तीतही रोमकूप कायमचे नष्ट होतात. अशी रुग्णा दिसताच लेप-तैलांत महिने न घालवता त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. लहान मुलाच्या डोक्यात खवल्यांसह केस तुटलेले चट्टे असतील तर गजकर्णाचा संशय घ्यावा. त्यास पोटात घेण्याचे बुरशीनाशक औषध लागते, केवळ बाह्योपचार पुरत नाहीत.

औषधी विक्रेत्यांसाठी

१. केसांसाठी विकले जाणारे चूर्ण खरोखर वस्त्रगाळ असावे. सरळ केसांतून भरड कण विंचरून निघतात. या केसांत ते दिवसेंदिवस राहतात. शक्यतो ‘क्वाथ करून गाळून वापरावे’ अशी सूचना पुडीवर छापावी.

२. पुड्या लहान ठेवाव्यात. तुटपुंज्या पैशात जगणाऱ्या विद्यार्थ्याला पन्नास ग्रॅमची ताजी पुडी अर्धा किलोच्या डब्यापेक्षा उपकारक असते.

३. ‘काळी मेंदी’ म्हणून येणाऱ्या मालात अनेकदा पीपीडी हे रसायन असते व त्याने तीव्र त्वचादाह होऊ शकतो. घटकांची स्पष्ट नोंद नसलेला असा माल ठेवू नये. शुद्ध मेंदीही या केसांना रूक्षता आणू शकते, हे ग्राहकास सांगावे.

४. ‘केस वाढवणारे तेल’ असे सांगून विकू नये. तेलाने तूट कमी होते, म्हणून लांबी टिकते. एवढेच प्रामाणिक विधान करावे. चार बाटल्या घेण्यास आलेल्या ग्राहकाला एक बाटली व पावशेर जवस देऊन पाठवणारा दुकानदार त्या दिवशी थोडे गमावतो, पण तोच ग्राहक पुढे आपल्या मित्रमैत्रिणींना घेऊन येतो.

उपसंहार

प्रारंभी उल्लेखिलेल्या रुग्णेचे टाळूवरील तेल व चूर्ण बंद केले, गंगावन काढण्यास सांगितले आणि वरील क्रम सुरू केला. सुमारे दीड महिन्यात खाज व कोंडा आटोक्यात आला. काही महिन्यांनी केसरेषेवर बारीक केस दिसू लागले. एका रुग्णेवरून सिद्धान्त मांडता येत नाही, याची जाणीव आहे. परंतु लेखकाच्या स्मरणात राहिले ते तिचे उत्तर. वेण्या सैल ठेवा आणि रात्री रेशमी कापड बांधा, असे सांगितल्यावर ती हसून म्हणाली की, तिची आजी हेच सांगत असे. आपण वैद्याकडे आलो ते यापेक्षा काही मोठे ऐकायला मिळेल म्हणून.

तिची आजी बरोबर होती. जे केस आपल्या परिचयाचे नाहीत त्यांच्याविषयी प्रथम रुग्णालाच विचारावे : घरी काय करत होता, कशाने बरे वाटत होते, आता काय परवडते? या तीन प्रश्नांनी सुरुवात केली तर प्रस्तुत लेखकाकडून झालेली चूक इतरांकडून होणार नाही, आणि अल्प धनात राहणाऱ्या परक्या मुलुखातील रुग्णाचा आपल्या शास्त्रावरील विश्वासही टिकून राहील.