धवळे : गाण्यात राहिलेले गाव

मनुष्य पुष्कळ गोष्टी विसरतो. बालपणीचे सवंगडी, जुने घर, अंगणातील झाड यांची चित्रे वयाबरोबर पुसट होत जातात. परंतु एखादे ओळखीचे गाणे कानी पडले, की पुसट झालेले चित्र क्षणात उजळते. गाणे ज्याने शिकवले त्याचा आवाज आठवतो. ते प्रथम ऐकले तो दिवस, तो वास, ते ऊनही आठवते. म्हणून कोणाचे आवडते गाणे कोणते, हे विचारणे म्हणजे त्याच्या आयुष्याचे एक दार हलकेच उघडणेच होय.

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर घणसोली नावाचे गाव आहे. एका बाजूस खाडी, दुसऱ्या बाजूस पारसिकची डोंगररांग आणि मध्ये सखल जमीन, अशी या पट्ट्याची ठेवण. येथील जुने रहिवासी मुख्यतः आगरी समाजाचे. खाडीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे, उघाडीतून पावसाचे जादा पाणी सोडून द्यायचे आणि अशा राखलेल्या खारजमिनीत भात पिकवायचे, हे या पट्टीतील लोकांचे पिढीजात कसब. शेतीच्या जोडीला मीठ पिकवणे आणि खाडीतील मासळी धरणे हेही चाले. जिताडा, बोय, निवटी, चिंबोरी ही नावे तेथील मुलांना पाढ्यांआधी पाठ होत.

पुढे काळ पालटला. 1970 साली सिडको ही संस्था स्थापन झाली. नवी मुंबई हे शहर वसवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनी योजनेत आल्या. 1992 साली नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. 2004 साली ठाणे व वाशी यांना जोडणारा लोहमार्ग प्रवाशांसाठी खुला झाला. भाताच्या खाचरांच्या जागी उंच इमारती आल्या. शेत गेले, तशी शेतातील कामेही गेली. आणि कामे गेली, तेव्हा त्या कामांबरोबर म्हटली जाणारी गाणीही मुकी होऊ लागली.

गाणे हे पूर्वी करमणुकीपुरते नव्हते. ते कामाचा सोबती होते. पहाटे जात्यावर बसलेली स्त्री ओवी म्हणे, ती दळणाचे कष्ट हलके व्हावेत म्हणून. ही रीत फार जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे सुमारे आठशे वर्षे तरी ओवी आणि श्रम यांची जोडी फुटली नव्हती. ती फुटली गिरणीने. घरोघरची जाती थांबली आणि ओवीला बसायला जागा उरली नाही.

लग्नातील गाणी मात्र अधिक तगली. आगरी समाजात लग्नविधीच्या वेळी जी गीते म्हणतात, त्यांना ‘धवळे’ असे नाव आहे. आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. म्हणून गावकरी ‘धवले’ म्हणतात आणि ती गाणाऱ्या जाणत्या स्त्रीला ‘धवलारीण’. धवलारीण ही केवळ गायिका नव्हे. मांडव घालणे, हळद लावणे, वधूची पाठवणी करणे अशा प्रत्येक विधीचे धवळे वेगळे असते आणि विधींचा क्रम तिच्या मुखी असतो. तिच्या हाती पोथी नसते. तिने धवळे सुरू केले, की पुढे काय करायचे हे मांडवातील मंडळींना कळते. गाता गाता ती देवांना आमंत्रण देते आणि घरातील वडीलधाऱ्यांची नावे गाण्यात गुंफते. त्यामुळे जे हयात नाहीत, तेही त्या दिवशी मांडवात येऊन बसतात.

धवळ्यांचा वंश थोर आहे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातील महदंबा हिने रुक्मिणीच्या विवाहावर धवळे रचले. ऋद्धिपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या निमित्ताने तिने ते गाइले, असे परंपरा सांगते. महदंबेला मराठीची आद्य कवयित्री मानतात. ज्या नावाच्या रचनेने मराठी स्त्रीची कविता प्रथम लिखित रूपात आली, तेच नाव खाडीकाठच्या आगरी घरांत लग्नगीताला आजही आहे, ही अभिमानाची गोष्ट होय.

पण धवळे ऐकणाऱ्या स्त्रियांच्या मनात त्या वेळी जे घडते, ते कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही. मांडवात वीस जणी बसलेल्या असतात. गाणे एकच, परंतु प्रत्येकीला आठवते ते निराळे. पाठवणीचे धवळे सुरू होताच एकीला आपली आई दिसते, दुसरीला दूर गावी दिलेली लेक दिसते, तिसरीला अकाली गेलेली बहीण आठवते. नवरीच्या डोळ्यांना मात्र अद्याप आठवण नसते, तिला फक्त हुरहूर असते. पुढे चाळीस वर्षांनी तेच धवळे कानी पडेल, तेव्हा तिला हा दिवस आठवेल. अशा रीतीने एकच गाणे पिढ्यान्‌पिढ्या नव्या आठवणी पोटात घेत जाते आणि तरी जुने होत नाही.

गाण्याला हे सामर्थ्य कोठून येते, याचा शोध मानसशास्त्रज्ञ घेत आले आहेत. त्यांना असे आढळले, की सुमारे दहा ते तीस या वयातील आठवणी उतारवयातही अधिक ठळक राहतात. म्हणून त्या वयात ऐकलेली गाणी माणसाला आयुष्यभर प्रिय वाटतात. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध कित्येकदा घरच्या माणसांची नावे विसरतात, पण तरुणपणीचे गाणे लावले असता त्याबरोबर गुणगुणू लागतात. सूर, ताल आणि शब्द हे तिन्ही धागे एकत्र वळलेले असल्यामुळे गाण्याचा दोर सहसा तुटत नाही. एक धागा हाती लागला, की उरलेले दोन आपोआप ओढले जातात.

अर्थात, आठवणी जपणारे गाणे जुनेच असावे लागते असे नाही. 1955 साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकर यांची छप्पन्न गीते आणि सुधीर फडके यांचे संगीत यांनी वर्षभर महाराष्ट्राला जणू एका घरात बसवले. त्या पिढीतील अनेकांना त्या गीतांबरोबर शेजारच्या घरातील रेडिओ आणि त्याभोवती जमलेली आळी आठवे. त्यापुढच्या पिढीला ध्वनिमुद्रिकेवरचे कोळीगीत आठवते; आजच्या मुलाला उद्या आणखी काही आठवेल. प्रत्येक पिढीचे गाणे निराळे असते; परंतु गाण्यापाशी आठवण ठेवण्याची रीत सर्वांची एकच असते.

आज घणसोलीत जुन्या गावाशेजारी नवी वस्ती उभी आहे. तेथे सातारा, सांगली, पुणे या जिल्ह्यांतून आलेली माथाडी कामगारांची कुटुंबे आहेत, कोकणातील माणसे आहेत, परप्रांतांतूनही लोक आले आहेत. एका घरातील आजीला आगरी धवळे येत असेल, तर शेजारच्या इमारतीतील आजीला पंढरीच्या वाटेची ओवी येत असेल. एकीची आठवण खाडीच्या बांधावरची, दुसरीची माणदेशच्या माळावरची. या दोघी एकमेकींना आपापले गाणे म्हणून दाखवतील आणि त्यामागची हकिकत सांगतील, तर त्यांच्यातील परकेपणा फार काळ टिकणार नाही. नाव, गाव आणि जात विचारून माणसाची जी ओळख होते, तिच्याहून गाणे विचारून झालेली ओळख अधिक खरी असते.

अशी गाणी गोळा करण्याचे काम आपल्या राज्यात अनेकांनी निष्ठेने केले. साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात संग्रहित केल्या. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याचे अनेक खंड संपादिले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या. तथापि प्रत्येक गावात, प्रत्येक घरात संग्राहक पोहोचणे शक्य नसते. तेथे त्या घरातील मुलांनीच संग्राहक झाले पाहिजे.

हे काम अवघड नाही; मात्र त्याला धीर लागतो. गाणे बोलीत असेल, तर ते बोलीतच लिहावे. ‘धवले’ असे उच्चारले, तर ते सुधारून ‘धवळे’ करू नये. केवळ शब्द उतरून थांबू नये. हे गाणे कोणी शिकवले, ते कधी म्हणत, ते ऐकताना कोण आठवते, हेही विचारावे. उघाडी, आवणी, मळणी असा शब्द गाण्यात आला, की त्याचा अर्थ समजून घ्यावा. कारण ती वस्तू किंवा ते काम गावातून गेले असले, तरी गाण्यात अजून आहे. आणि सांगता सांगता सांगणाऱ्याचा कंठ दाटून आला, तर वही मिटून क्षणभर गप्प बसावे. काही आठवणी लिहून घेण्यासाठी नसतात, फक्त ऐकण्यासाठी असतात.

जमीन गेली तर ती परत मिळत नाही. बांध खचला, खाजण बुजले, तर त्यांची जागाही ओळखू येत नाही. गाणे मात्र एका कंठातून दुसऱ्या कंठात गेले, की ते हरवत नाही. परंतु देणारा आहे तोवरच घेणाऱ्याने पुढे व्हावे लागते. धवलारीण म्हातारी होते. गाणे तिच्यासाठी थांबते, पण काळ थांबत नाही.

अभ्यास

1. घणसोली परिसरातील लोकांचे जुने व्यवसाय कोणते होते?
2. धवलारीण ही केवळ गायिका नव्हे, असे का म्हटले आहे?
3. पाठवणीचे धवळे ऐकताना प्रत्येकीला निराळे का आठवते, ते तुमच्या शब्दांत लिहा.
4. ‘देणारा आहे तोवरच घेणाऱ्याने पुढे व्हावे लागते’ या विधानाचे स्पष्टीकरण करा.
5. घरातील वडील माणसाचे आवडते गाणे व त्यामागची आठवण त्यांच्याच बोलीत लिहून आणा आणि वर्गात वाचून दाखवा.